आधी भेटीचे तास: मिश्र वर्गाच्या वेळापत्रकाचा आढावा

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या वरिष्ठ महाविद्यालयाचे वेळापत्रक सूचनाफलकावर लागते, तेव्हा त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. प्रवेश घेतलेला प्रत्येक विद्यार्थी सोमवार ते शनिवार ठरलेल्या वेळी वर्गात हजर असेल, असे ते वेळापत्रक मानून चालते. प्रत्यक्षात हजेरीपटावरची मुले निरनिराळ्या ठिकाणी असतात. एखादा औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी झोपायला जातो. एखादा छत्रपती संभाजीनगरच्या किंवा पुण्याच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची नाहीतर राज्यसेवेची तयारी करतो. एखादी मुलगी गावातून निघणारी एसटी चुकली की त्या दिवशी घरीच राहते. काही जण दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात.

वर्गातल्या आणि वर्गाबाहेरच्या अशा दोन्ही विद्यार्थ्यांचा वेळ एकत्र कसा आखायचा, हा प्रश्न कोरोनाच्या काळात सगळ्यांच्या तोंडी होता. साथ ओसरली आणि तो मागे पडला. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला नवे शैक्षणिक धोरण लागू झाले, श्रेयांकांची नवी मांडणी आली आणि प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. या प्रश्नाचे उत्तर कॅमेरा किंवा ॲप घेण्यापासून सुरू होत नाही, असे माझे ठाम मत आहे. वेळापत्रक आखताना आधी समोरासमोर भेटीचे तास ठरवावेत, ते प्रत्येकाच्या आवाक्यात आणावेत आणि कोणत्याही सबबीखाली कमी करू नयेत. ऑनलाइनचा विचार त्यानंतर करावा.

दूरचा विद्यार्थी म्हणजे कोण?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यात आठ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार आहे. बदनापूर, जालना आणि परतूर ही तीन तालुक्यांची ठिकाणे मनमाड–काचीगुडा रेल्वेमार्गावर आहेत. अंबड, भोकरदन, जाफराबाद, घनसावंगी आणि मंठा या पाच ठिकाणांची सारी भिस्त रस्त्यावर आहे. येथील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि विद्यापीठ जालना शहरापासून साठेक किलोमीटरवर आहे.

एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत मिळते, त्यामुळे भाड्याचा भार बराच हलका होतो. वेळेचा भार मात्र तसाच राहतो. दोन तासिकांसाठी येण्याजाण्यात निम्मा दिवस गेला, तर सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत घरचे मुलाला सोडत नाहीत, आणि त्यांना दोष देणेही योग्य नाही. ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे पहिल्या सत्राची अखेर आणि दुसऱ्या सत्राचा बहुतेक काळ त्यात जातो. ऊसतोड कामगारांच्या लहान मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहांची योजना आली. बारावीनंतर त्याच फडावर जाणाऱ्या तरुण-तरुणींसाठी तशी पुरेशी व्यवस्था उभी राहिली नाही.

म्हणून जालन्यातल्या दूरच्या विद्यार्थ्याला केवळ किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. कारखान्यातला मुलगा महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर असतो, पण सकाळी अकराला जागा राहू शकत नाही. ऊसतोडीला गेलेली मुलगी पाच महिने दूर असते आणि सात महिने गावात असते. अडचण कोणाची अंतराची, कोणाची वेळेची आणि कोणाची ऋतूची असते. तिन्ही अडचणींवर ‘ऑनलाइन लिंक पाठवली आहे’ हे एकच उत्तर पुरत नाही.

साथीने काय शिकवले

मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले. १५ फेब्रुवारी २०२१ पासून राज्यातली महाविद्यालये पन्नास टक्के उपस्थितीने उघडण्यास परवानगी मिळाली आणि दुसऱ्या लाटेने ती पुन्हा बंद पडली. २० ऑक्टोबर २०२१ ला ती परत उघडली. त्यानंतर आठवडाभरातच एसटी कर्मचाऱ्यांचे काम बंद आंदोलन सुरू झाले आणि ते एप्रिल २०२२ पर्यंत चालले. दरम्यान जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेमुळे वर्ग पुन्हा काही आठवडे ऑनलाइन गेले. म्हणजे महाविद्यालयाचे दार उघडे होते तेव्हाही खेड्यातल्या विद्यार्थ्याला तिथवर नेणारी बस नव्हती. वर्गात बसणारे आणि वर्गाबाहेर राहणारे असे दोन गट तेव्हा कोणी योजून केले नव्हते. परिस्थितीनेच ते पाडले.

त्या काळात दोन पद्धती सर्रास वापरल्या गेल्या. पहिलीत शिक्षक वर्गात शिकवत आणि समोर ठेवलेल्या मोबाइलवरून तेच घरच्यांना दाखवत. दुसरीत अर्धा वर्ग एका दिवशी आणि अर्धा दुसऱ्या दिवशी येई. पहिल्या पद्धतीत फळ्यावरचे अक्षर दिसत नाही, वर्गातल्या मुलाने विचारलेला प्रश्न बाहेर ऐकू जात नाही आणि शिक्षकाचे लक्ष दोन्हीकडे अर्धे-अर्धे राहते. दुसरीत तोच धडा दोनदा शिकवावा लागतो, म्हणून अभ्यासक्रम निम्म्या वेगाने सरकतो. संकटात जे हाताशी होते ते वापरले, यात चूक नाही. पण त्या धावपळीलाच मिश्र शिक्षण समजून ते जमत नाही असा निष्कर्ष काढणे विद्यार्थ्यांवर अन्याय करणारे ठरेल.

आपल्याकडची जुनी वाट

काम करणाऱ्या माणसाच्या दिवसाप्रमाणे शाळेचा वेळ बदलणे महाराष्ट्राला नवे नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाने नोकरी करणाऱ्यांना जमावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रयत शिक्षण संस्थेत रुजवले आणि आज राज्यातल्या विद्यापीठांत त्या नावाच्या योजना चालतात. या चौघांनीही विद्यार्थ्याची परिस्थिती आधी पाहिली आणि वेळापत्रक नंतर केले.

या परंपरेचे सर्वांत व्यवस्थित रूप म्हणजे १ जुलै १९८९ रोजी नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्याची अभ्यासकेंद्रे बहुतेक ठिकाणी नेहमीच्या महाविद्यालयांतच असतात. विद्यार्थी स्वयंअध्ययनाची मराठी पुस्तके घरी वाचतो आणि रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्राला येतो. ही पुस्तके वाचणाऱ्याशी बोलत जातात, मध्येच प्रश्न विचारतात आणि उत्तर पडताळून पाहायला लावतात. सांगण्याचे काम पुस्तक करते, म्हणून भेटीचा वेळ शंकांना उरतो. दूर राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या वेळेबद्दलचा तीन दशकांहून अधिकचा अनुभव या विद्यापीठाकडे आहे. नियमित महाविद्यालयांनी तो आपल्या सोमवार ते शनिवारच्या वर्गासाठी अजून उचललेला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जालना शहरातच दुसराही धडा आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर येथे २०१८ मध्ये सुरू झाला. त्याच्या पाच वर्षांच्या एकात्मिक एम. टेक. अभ्यासक्रमात वर्गातली सत्रे आणि उद्योगातल्या प्रत्यक्ष कामाची सत्रे एकमेकांत गुंफलेली आहेत. विद्यार्थी काही महिने वर्गात नसणार हे आधीच धरून तिथले वर्ष आखले जाते. रसायन अभियंत्याच्या अनुपस्थितीसाठी वर्ष बदलता येते, तर ऊसतोड कुटुंबातल्या कला शाखेच्या विद्यार्थिनीसाठी ते का बदलू नये?

जगातले नमुने आणि संशोधनाचा कौल

सॅन फ्रान्सिस्को राज्य विद्यापीठात ब्रायन बीटी यांनी २००६ च्या सुमारास ‘हायफ्लेक्स’ पद्धत मांडली. विद्यार्थ्याने दर वेळी वर्गात यायचे, थेट ऑनलाइन बसायचे की नंतर ध्वनिचित्रफीत पाहायची हे स्वतः निवडावे, आणि तिन्ही वाटांनी शिकलेले समान दर्जाचे असावे, असा तिचा गाभा आहे. त्याच्या कितीतरी आधी पॅसिफिक महासागरातल्या विखुरलेल्या बेटांसाठी १९६८ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाने १९७० च्या दशकात उपग्रहावरून केवळ आवाजाच्या आधारे शिकवण्या चालवल्या. पाठ छापील स्वरूपात आधी पोहोचत, म्हणून थोड्या मिनिटांचे बोलणेही कामी येई.

बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या ॲनेलीस रास आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एकाच वेळी दोन्हीकडे शिकवण्याच्या पद्धतीवरील अभ्यासांचा आढावा घेतला. अशा वर्गात शिक्षकावर दुहेरी ताण येतो आणि दूरचे विद्यार्थी वर्गापासून तुटल्यासारखे होतात, ही अडचण त्यात ठळकपणे दिसते. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या विश्लेषणात मिश्र पद्धतीने शिकणारे केवळ वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा थोडे सरस ठरले. पण त्याच अहवालाने एक सावध सूचनाही दिली. मिश्र वर्गांतल्या विद्यार्थ्यांना पुष्कळदा अभ्यासाला जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळालेले होते, त्यामुळे सुधारणेचे श्रेय माध्यमाला देता येत नाही. आपल्यासाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. फरक अभ्यासाला मिळालेल्या वेळामुळे आणि साहित्यामुळे पडलेला असू शकतो.

ध्वनिचित्रफितींविषयी फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या व्यासपीठावरची जवळपास ६९ लाख पाहणी-सत्रे तपासली. चित्रफीत कितीही लांब असली तरी विद्यार्थी सर्वसाधारणपणे सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत, असे आढळले. तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे चित्रित करून गटावर टाकणे म्हणूनच शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्या दोघांच्याही वेळेचा अपव्यय आहे.

नियम किती जागा देतात

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र शिक्षणाचा मसुदा प्रसिद्ध केला. एका विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन आणि उरलेला वर्गात शिकवावा, असे त्यात सुचवले होते. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांतून एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत विषय घेण्याची मुभाही २०२१ च्या नियमांनी दिली, २०१६ मध्ये ही मर्यादा २० टक्के होती. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने एका श्रेयांकासाठी अभ्यासाचे एकूण ३० तास धरले. लेखी विषयात त्यांतले १५ तास शिकवण्याचे असतात, म्हणजे उरलेले १५ विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कामाचे.

आता हिशेब मांडू. सत्राला २२ श्रेयांक आणि शिकवण्याचे १५ आठवडे धरले, तर लेखी विषयांचे आठवड्याला २२ तास होतात. त्यांतले ४० टक्के वर्गाबाहेर नेले तर भेटीचे सुमारे १३ तास उरतात. सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन या वेळेत अर्धा तास सुट्टी ठेवली, तर दिवसाला साडेचार तास मिळतात आणि १३ तास तीन दिवसांत बसतात. कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सहाऐवजी तीन दिवस यावे लागेल. सकाळची बस थोडी उशिराची असली तरी चालेल आणि संध्याकाळची शेवटची बस चुकणार नाही. उरलेले तीन दिवस शेत, कारखाना, अभ्यासिका किंवा घर यांना देता येतील आणि रोज तास-दीड तास ठरलेल्या पाठाला.

विज्ञान शाखेत हा हिशेब बदलतो. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास प्रयोगशाळेत जातात आणि ते मोबाइलवर होत नाहीत. तिथे लेखी विषयांचा ऑनलाइन भाग मोकळा करून प्रात्यक्षिके सलग दिवसांत घ्यावीत. ऊसतोडीला किंवा लांबच्या कामाला जाणाऱ्यांसाठी सत्राच्या सुरुवातीला आणि परतल्यावर आठ-दहा दिवसांचे निवासी वर्ग ठेवता येतील. २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेमुळे मिळवलेले श्रेयांक जमा राहतात. हंगामाच्या सत्रात कमी विषय आणि पावसाळी सत्रात जास्त, अशी मांडणी विद्यापीठाने परवानगी दिली तर त्या विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाणार नाही.

एक तास कसा वापरावा

भेटीचे तास कमी आणि मौल्यवान झाले की त्यांत काय करायचे, हे नेमके ठरवावे लागते. व्याख्या, पार्श्वभूमी, सनावळी, उदाहरणाची पहिली पायरी हे सगळे सहा मिनिटांच्या चित्रफितीत, ध्वनिफितीत किंवा दोन पानी मराठी टिपणात देता येते. वर्गात करायचे ते उदाहरणे सोडवणे, उताऱ्यावर चर्चा, लिहिलेले तपासणे आणि शंका विचारणे.

काही तास दूरच्यांनाही एकाच वेळी जोडून घ्यावे लागतील. ते आठवड्यातून एक-दोनच असावेत आणि संध्याकाळी किंवा रविवारी असावेत. साठ मिनिटांची मांडणी अशी करता येते: पहिली पाच मिनिटे जोडणीसाठी आणि आजच्या कामाच्या सूचनेसाठी, दहा मिनिटे आधी दिलेल्या पाठावरच्या चार-पाच छोट्या प्रश्नांना, वीस मिनिटे गटात उदाहरण किंवा उतारा सोडवण्याला, पंधरा मिनिटे शंकांना आणि शेवटची दहा मिनिटे प्रत्येकाने काय कळले ते लिहून देण्याला. प्रश्न एकदा वर्गातून आणि एकदा दूरच्या बाजूने घ्यावा. वर्गातला प्रश्न शिक्षकांनी माइकवर पुन्हा म्हणावा. दूरच्या बाजूचे संदेश पाहायला वर्गातलाच एक विद्यार्थी नेमावा आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेतून त्याला मानधन द्यावे. शेवटचे लिखाण हीच त्या तासाची हजेरी धरावी. तासाच्या वेळी झोपलेल्या रात्रपाळीच्या मुलाने ते रात्री आठपर्यंत पाठवले तरी ते मान्य करावे.

डेटाचाही हिशेब आहे. तासभराच्या चित्रासह बैठकीला साधारण अर्धा ते एक जीबी लागतो आणि रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये सलग चार तास बसत नाहीत. त्याच तासाची ध्वनिफीत आणि टिपण काही मोजक्या एमबीत जाते, रेंज आली की उतरवून घेता येते आणि वीज नसतानाही ऐकता येते. केंद्र सरकारच्या ‘स्वयम् प्रभा’ वाहिन्यांवर रोज चार तासांचा नवा कार्यक्रम दिवसात आणखी पाच वेळा दाखवायचा अशी आखणी झाली, ती विद्यार्थ्याला सोयीची वेळ मिळावी म्हणूनच. त्यांना इंटरनेट लागत नाही. मात्र भाषा बहुतांशी इंग्रजी किंवा हिंदी आहे. जालन्याच्या विद्यार्थ्याला घरी एकट्याने समजेल असे साहित्य मराठीतच हवे आणि ते विषयवार मंडळांनी एकत्र येऊन एकदाच चांगले तयार करावे.

निवड कोणाची?

‘विद्यार्थ्याला निवडू द्या’ हे हायफ्लेक्सचे तत्त्व ऐकायला न्याय्य वाटते. आपल्याकडे मात्र विचारायला हवे की निवड नेमकी कोण करणार. घरबसल्या शिकता येते म्हटल्यावर ‘मग कॉलेजात कशाला जायचे’ हा प्रश्न मुलाला एकदा आणि मुलीला दहादा विचारला जाईल. घरात फोन एकच असेल तर तो बहुधा वडिलांच्या किंवा भावाच्या हातात असतो. घरी असलेल्या मुलीला तासाच्या मध्येच स्वयंपाकासाठी किंवा जनावरांसाठी उठावे लागते. खेड्यातल्या कितीतरी मुलींसाठी महाविद्यालय ही घराबाहेरची एकमेव हक्काची जागा आहे. तिथे मैत्रिणी आहेत, ग्रंथालय आहे आणि स्वतःच्या नावाने ओळखले जाणे आहे. म्हणून भेटीचे तीन दिवस सर्वांना बंधनकारक असावेत आणि त्या दिवसांचे वेळापत्रक घरी दाखवता येईल असे छापील, सही-शिक्क्याचे असावे. हे बंधन मुलीच्या बाजूने उभे राहील.

शिक्षकांच्या वेळेचाही प्रश्न तितकाच गंभीर आहे. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. पाठ तयार करणे, चित्रित करणे आणि रात्री येणाऱ्या शंकांना उत्तरे देणे यांची त्यात मोजदाद नाही. अनेक विषय आज तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या खांद्यावर आहेत आणि त्यांना मोबदला वर्गात घेतलेल्या तासाचा मिळतो. वर्गाबाहेरचे ४० टक्के शिक्षण त्यांच्या फुकटच्या श्रमावर उभे करणे अन्यायाचे होईल आणि ते टिकणारही नाही. तयार केलेला पाठ आणि तपासलेले लिखाण यांना तासिकेइतकेच मोल मिळाले पाहिजे. ऑनलाइनच्या नावाखाली पदे कमी करण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्याला ठाम विरोध व्हायला हवा.

येत्या वर्षासाठी

सुरुवातीला मोठा खर्च लागत नाही. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याला चार गोष्टी विचाराव्यात: तुझ्या गावाहून बस किती वाजता येते आणि जाते, तू कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या वेळी कामावर असतोस, घरात फोन कोणाकडे असतो, आणि आठवड्यातले कोणते तीन दिवस तुला नक्की येता येईल. ही उत्तरे एकत्र केली की भेटीचे दिवस आपोआप दिसू लागतील. मग एसटीच्या आगारप्रमुखांशी बोलून त्या दिवसांच्या बसवेळा जुळवाव्यात. एका तालुक्यातल्या दोन-तीन महाविद्यालयांनी तरी एका सत्रापुरता हा प्रयोग करावा आणि विद्यापीठाने ७५ टक्के हजेरीच्या नियमात दूरचे, वेळेत केलेले काम मोजायला त्यांना परवानगी द्यावी. सत्राअखेरीस निकालाबरोबर एवढेच पाहावे की नाव घातलेल्यांपैकी किती जण परीक्षेला बसले, आणि त्यांत ऊसतोडीवरून परतलेले, रात्रपाळी करणारे आणि बसने येणाऱ्या मुली किती होत्या. हा आकडा वाढला तर ती पद्धत पुढच्या वर्षी सगळ्या जिल्ह्याने घ्यावी. वाढला नाही तर वेळापत्रक पुन्हा बदलावे. बदलणे आपल्या हातात आहे, आणि विद्यार्थ्याच्या परिस्थितीबद्दल असे म्हणता येत नाही.